नोव्हाकने साफ केलेली गिटार

नोव्हाकने गिटार काउंटरवर आडवी ठेवली, तिच्यावरून पिवळं फडकं फिरवलं आणि म्हणाला, "जॅक घट्ट बसवला. आणि ती भुणभुण होती ना, तीही काढून टाकली. आता ऐक." मला न विचारता त्याने माझी गिटार ॲम्पला जोडली आणि स्वतःच जाड तार छेडली. सूर वाजला आणि संपला. मी वाट पाहत राहिलो. सतरा वर्षं त्या तारेनंतर काहीतरी यायचं. सूर निघाल्यावर तो आधी फुटायचा, मग त्याच्या आतून दुसरा एक बारीक, झणझणता सूर वर यायचा आणि भरलेल्या बारमधली माणसं ग्लास खाली ठेवून स्टेजकडे बघायची. आज काही आलं नाही. जिच्यावर तारा टेकतात ती माझी सांबरशिंगाची पिवळट घोडी जिथे होती, तिथे स्टीलची चकचकीत पट्टी बसली होती. "तो जुना तुकडा कुठाय?" मी विचारलं. "तो? तो झिजला होता, एका बाजूने उतरता झाला होता. गुरुवारी कचऱ्यात टाकला, शुक्रवारी ट्रक येऊन गेला." नोव्हाकचा सासरा हे दुकान चालवायचा तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, तो मार्चमध्ये फ्लोरिडाला गेला आणि हा जावई गादीवर बसला. याला मी काही सांगितलं नव्हतं. विसरलो नव्हतो, सांगायची गरज वाटली नव्हती. शिकागोत गिटार दुरुस्त करणाऱ्या माणसाला टी. बी. ढवळेची गिटार कशी वाजते हे ठाऊक नसेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. "कोणाला विचारून काढलंस?" मी म्हणालो. त्याने रजिस्टर उलटं करून माझ्यासमोर धरलं. "घरी फोन केला होता. तुझी बायको होती. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, काढून टाक."

शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता क्लबमध्ये मॅटिनी होती आणि तिथे हान्सेन नावाचा माणूस येणार होता. कोपनहेगनला त्याची रेकॉर्डची छोटी कंपनी होती. तो जुलैत एकदा मला ऐकून गेला होता आणि त्यानंतर त्याची तीन पत्रं आली होती. तिन्ही पत्रांत 'तो आवाज' असा शब्द होता. माझं वय त्रेचाळीस. माझ्या नावाची एकही रेकॉर्ड नव्हती. दुसऱ्यांच्या सहा रेकॉर्डवर मी मागे आहे, त्यातल्या दोहोंवर नाव चुकीचं छापलंय. मी नोव्हाकला ओरडलो नाही. ओरडायला मला आवडतं, बँडमधल्या कुणालाही विचारा, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर काम नीट केल्याचा आनंद होता आणि अशा माणसाशी भांडता येत नाही. मी गिटार केसमध्ये घातली आणि बाहेर येऊन गाडीत बसलो. किल्ली लावली नाही.

सांबरशिंग मिरजेहून आणलं होतं, एकोणसत्तर साली, लग्नाला गेलो तेव्हा. आमच्या घरामागे तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली. लहानपणापासून माझ्या कानांना झोप यायची ती कानशीच्या आवाजाने. जवारी लावायची म्हणजे काय, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. तार झणझणावी म्हणून तिच्याखालचा शिंगाचा तुकडा घासायचा, तार चढवून ऐकायची, तार उतरवायची, केसाएवढं आणखी घासायचं. एका तंबोऱ्याला दिवस जायचा. एक फटका जास्त पडला की तुकडा फेकून नव्याने सुरुवात. हे असलं काम ब्लूजच्या गिटारीवर करायची कल्पना माझी, आणि मला त्याचा गर्व होता, आहे, का नसावा? क्षयाच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाच्या मुलाने साऊथ साइडला येऊन तिथल्या माणसांना त्यांच्याच वाद्यातून न ऐकलेला आवाज ऐकवला. त्र्यंबक बळवंत, म्हणून टी. बी. इथे आद्याक्षरांची नावं शोभतात. आई मात्र शेवटपर्यंत पत्रात लिहायची, दवाखान्यातून येऊन तुझे वडील चुलीसमोर कपडे बदलत, घरात त्या रोगाचं नाव आम्ही घेतलं नाही, आणि तू ते पाटीवर लावतोस. मी तिला कधी उत्तर दिलं नाही. पोस्टरवर ते चांगलं दिसत होतं.

काढून टाक. हे तिने कोणत्या आवाजात सांगितलं असेल, ते मी गाडीत बसून ऐकत होतो. प्रतिमा फोनवर इंग्रजी बोलते ते हॉस्पिटलच्या लॅबमधलं, स्वच्छ, तुटक, नमुना घेतला, रिपोर्ट गेला. यस, प्लीज टेक इट आउट. तिला कळलंच नसेल तर? सतरा वर्षं एका छपराखाली राहून नवऱ्याच्या हातात काय वाजतं हेच तिला माहीत नसेल, त्याला ती दोष समजली असेल, फ्रीज खरखरतो तसा? मग माझं सगळं आयुष्य तिने शेजारच्या खोलीत चालू असलेल्या टीव्हीसारखं ऐकलं. आणि कळलं असेल तर? तर त्याहून वाईट. मी दोन्ही बाजूंनी तिला तपासून पाहिलं आणि दोन्ही बाजूंनी तिचा राग आला. मला बरं वाटलं. राग आला की मला नेहमी जरा बरं वाटतं.

तिने लग्न केलं ते इंजिनिअरशी. कन्व्हेयर बेल्टच्या कंपनीत माझं ड्राफ्टिंग टेबल होतं, डेव्हन ॲव्हेन्यूजवळ दोन खोल्या होत्या, गाडी होती. एकाहत्तरच्या जूनमध्ये मी नोकरी सोडली आणि क्लीव्हलंड प्रूइटच्या बँडमध्ये पूर्णवेळ लागलो. त्या संध्याकाळी तिने दोन ताटं वाढली आणि म्हणाली, "तू जेवून घे, मला भूक नाही." तोपर्यंत मी 'अहो' होतो. नोकरीबरोबर तेही गेलं, आणि ते परत यावं म्हणून मी काही केलं नाही. दोन वर्षांत तिने लॅब टेक्नॉलॉजीचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि सकाळी साडेपाचला बस पकडायला लागली. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर ती 'म्युझिशियन आहेत' असं म्हणायची. मंडळात विचारायचे, "म्हणजे वीकेंडला का? आणि एरवी?" एकदा गणपतीत मला बोलावलं होतं. कमिटीतले नरेंद्र काका म्हणाले, "गिटारवर एखादं भावगीत होऊन जाऊ दे, यार, लेडीजना आवडेल." मी एक स्लो ब्लूज वाजवला, बारा मिनिटं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी बाराव्या मिनिटाला सुटकेच्या टाळ्या वाजवल्या आणि लगेच खिचडी-मठ्ठ्याची घोषणा झाली. प्रतिमा तेव्हा स्वयंपाकघरात तिच्या लॅबमधल्या वीणाबरोबर पत्रावळी मोजत होती. तिने ऐकलं की नाही हे मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत कमी. अबोला धरायला दोघांनाही येतो. माझा रेकॉर्ड एकवीस दिवसांचा आहे, तिचा मी मोजला नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती हान्सेनची नव्हती. गाडी सुरू करून मी साऊथ साइडला निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर प्रूइट येऊन बसावा तसा बसला. मेलेल्या माणसांना माझ्या गाडीत फार जागा मिळते. त्याला सगळे मिस्टर प्रूइट म्हणत, त्याची बायकोसुद्धा. मिसिसिपीत कापसाच्या शेतावर जन्मलेला, सत्तेचाळीस साली एका पुठ्ठ्याच्या सुटकेसनिशी शिकागोच्या स्टेशनात उतरलेला, दिवसा कत्तलखान्यात आणि संध्याकाळी बारमध्ये उभा राहून त्याने बँड उभा केला. बूट पॉलिश नसलेल्या माणसाला तो स्टेजवर चढू द्यायचा नाही. गाणं थांबवायचं असलं की गिटारची मान एक बोटभर वर उचलायचा आणि पाच माणसं एका श्वासात थांबायची. आठ वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहून तालाचे सूर देत होतो. माझ्या आवाजाला गिऱ्हाइकं येऊ लागली, एका वर्तमानपत्राने 'शिकागोतला हिंदू ब्लूज' असा मथळा दिला, तेव्हा एका दुपारी रिकाम्या हॉलमध्ये रिहर्सल संपल्यावर तो म्हणाला, "टी. बी., त्या गिटारीत एक माशी अडकलीय. ती बाहेर काढ आणि मग मला एक गाणं ऐकव. तुझं. माशीचं नको." बाकीचे हसले. मी केस बंद केली आणि गेलो, परत फिरलो नाही, आणि महिन्याभरात त्याचा ड्रमर आयझॅया आणि बासवाला दोघांना फोडून माझा बँड केला. लोक म्हणाले मी जळून गेलो. मी म्हणालो, म्हातारा जळतोय. ब्याऐंशीत तो गेला, तेव्हा चर्चमध्ये मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या मनात एकच होतं, सुटलो, आता हा मला ते पुन्हा म्हणणार नाही.

कारण त्याला मी ते ऐकवू शकलो असतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी घरीसुद्धा कधी साध्या गिटारीवर वाजवत नसे. दुसऱ्याची गिटार कुणी हातात दिली तर हसून परत करायचो, लोकांना वाटायचं नखरे आहेत. माझी बोटं वेगवान नाहीत. माझ्यापेक्षा चांगली बोटं असलेली दोनशे माणसं या शहरात बस चालवतात. माझ्याकडे ते शिंग होतं, मी एक तार छेडायचो आणि पुढचं काम ते शिंग करायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला तर नाहीच.

क्लबबाहेरच्या टेलिफोनवरून मी घरी फोन लावला. काय बोलणार होतो ते ठरवलं नव्हतं, पण पहिलं वाक्य फार वाईट असणार होतं हे नक्की. घंटा वाजत राहिली. बारा वेळा, पंधरा वेळा. आत गेलो. स्टेजवर स्टीलच्या पट्टीखाली काड्यापेटीचा पुठ्ठा सरकवून पाहिला, तार सैल करून पाहिली. तिच्यातून पत्र्याच्या डब्यासारखी खडखड आली. आयझॅया ड्रम बांधत होता. त्याने मान वर केली. "काय झालं गिटारीला?" "दुरुस्त झाली," मी म्हणालो. सत्तर वर्षांचा माणूस, प्रूइटकडे वीस वर्षं होता, त्याला काही समजावून सांगायला लागत नाही. "मग आज तुलाच वाजवावं लागेल," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रू पिळू लागला. मी त्याला शिवी दिली, मराठीत. मराठी शिव्या बँडमध्ये सगळ्यांना कळतात.

चारला पाच कमी असताना दार उघडलं आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या पट्ट्यात प्रतिमा आत आली. करडा कोट, हातात पर्स, केसांचा अंबाडा. सतरा वर्षांत ती माझ्या कुठल्याही क्लबमध्ये आली नव्हती. मी बोलावलं नव्हतं हेही खरं. ती दारातच थांबली, दोन बस बदलून कुठेतरी चुकीच्या पत्त्यावर आलेल्या बाईसारखी, मग मागच्या भिंतीजवळच्या एका टेबलाशी बसली. कोट काढला नाही. पर्स मांडीवर ठेवली. वेट्रेसने काही विचारलं, तिने मान हलवून बहुतेक पाणी मागितलं. माझ्याकडे पाहिलं, पण हात वगैरे केला नाही. म्हणजे बघायला आली होती. घर पेटवून देणारी माणसं गर्दीत उभी राहून बघतात म्हणे. आता मला शंका राहिली नाही. तिला माहीत होतं. नोव्हाकने दोनदा विचारलं होतं आणि तिने दोनदा, समजून, सांगितलं होतं.

पहिली तीन गाणी मी मेल्यासारखी वाजवली. हे मी नम्रपणाने सांगत नाही, मला नम्रपणा येत नाही. हात नेहमीच्या जागी जात होते, सूर निघत होते आणि पुढे काही होत नव्हतं. एक तार छेडून मी सवयीने थांबायचो, त्या थांबण्यात आता नुसती भोकं पडत होती. ती भरायला मी जास्त सूर घालू लागलो, बोटं अडखळली, बासवाल्याने दोनदा मला सांभाळून घेतलं. बारमधली माणसं बोलत राहिली. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही, एवढंच की ती ऐकत नव्हती. ब्रेकमध्ये हान्सेन स्टेजजवळ आला. सभ्य माणूस. त्याच्या हातात टेपरेकॉर्डर होता, तो त्याने केव्हाच बंद केला होता. "मिस्टर ढवळे, तो आवाज?" मी सांगितलं काय झालं ते. तो म्हणाला, "पुन्हा करता येईल?" मी म्हणालो, शिंग मिळालं तर, वेळ मिळाला तर, कदाचित. "मग तो झाला की मला लिहा," तो म्हणाला, आणि मग कोट चढवत, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "हे असं मला इथे कुठेही मिळतं." हस्तांदोलन करून तो गेला. दार उघडलं तेव्हा पुन्हा तो उन्हाचा पट्टा आत आला आणि प्रतिमाच्या बुटांपर्यंत पोचला. तिने पाय मागे घेतले नाहीत. तिने त्याला जाताना पाहिलं होतं, तो कोण हे तिला माहीत होतं, कारण त्याची तिन्ही पत्रं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडेच्या आठवडे पडून होती.

आता वाजवायला काही कारण उरलं नव्हतं. सेट पूर्ण करायचा म्हणून मी स्टेजवर चढलो. "स्लो, 'ए' स्केलमध्ये," मी म्हणालो. आयझॅयाने चार मोजले. मी भिंतीजवळच्या त्या टेबलाकडे तोंड केलं. माणसांकडे नाही, बँडकडे नाही, तिच्याकडे. पहिल्या बारा मात्रा मी काहीच वाजवलं नाही, नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो. ती पर्सवर हात ठेवून बसली होती, कोर्टात बसतात तशी, शांत चेहऱ्याने. साडेपाचच्या बसला जाताना ती दार किती हळू लावायची, मी झोपलेला असायचो म्हणून. त्या हळू लावण्याचा मला किती संताप यायचा. मी एक सूर मारला. तो छोटा होता, कोरडा. तो संपला तसा मी दुसरा मारला, कारण आता तो आपणहून कुठे जाणार नव्हता, त्याला मलाच न्यावं लागणार होतं. तू दिलेलं जेवण. तू भरलेलं भाडं. पाच वर्षांपूर्वी दवाखान्यातून एकटी परत आलीस, मूल राहणार नव्हतं ते सांगायला, आणि मी गाडीत सामान भरत होतो, मिलवॉकीला शो होता, आणि तू म्हणालीस, जा. जा म्हणालीस. का म्हणालीस? तार मी इतकी ओढली की बोटाची कातडी फाटली. मी तोडून तोडून वाजवत होतो, मध्ये लांब गप्प राहत होतो आणि ती गप्प जागा आता पोकळ नव्हती, तिच्यात मी उभा होतो, तिच्याकडे बघत. मला ती तिथे नको होती, ती उठून जावी, ती मरावी, तिने सतरा वर्षांत एकदा तरी ताट फेकायला हवं होतं. बारमधलं बोलणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "लॉर्ड." आयझॅयाने काठ्या ठेवून हळू वाजणारे ब्रश घेतले होते आणि डोळे मिटले होते. शेवटी मी गिटारची मान बोटभर वर उचलली आणि सगळे थांबले. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी ॲम्पची वायर गुंडाळत होतो.

ती गाडीजवळ उभी होती. मी दार उघडून दिलं, ती बसली. दोन-तीन सिग्नल मागे पडले. उजेड अजून होता, रस्त्याच्या कडेला माणसं खुर्च्या टाकून बसली होती. मग मीच म्हणालो, "तूच सांगितलंस त्याला."

"हो."

"तुला माहीत होतं ते काय आहे."

"मिरजेची आहे मी पण," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हाच कळलं होतं, जवारी लावलीय म्हणून. काय ब्रिलियंट वाटलं होतं मला. सहा महिने मैत्रिणींना पत्रात हेच लिहीत होते." तिने पर्सची चेन उघडली, बंद केली. "मग हळूहळू लक्षात आलं, तू काही बोलतच नाहीस. कसलंही दुःख असू दे, आनंद असू दे, तेच झण्ण. घरी पण तसंच. मला वाटायचं, हा माणूस आत कुठेतरी असेलच ना? नोव्हाकने फोन केला, 'यात एक डिफेक्ट आहे, फिक्स करू का?' आय थॉट, एकदा बघू तरी. त्याने परत विचारलं, आर यू शुअर. मी म्हटलं, शुअर."

"हान्सेन येणार होता. तुला माहीत होतं."

"माहीत होतं." तिने ते टाळलं नाही. "सॉरी नाही म्हणणार मी."

"तो गेला. संपलं ते."

"बघितलं मी."

मी गिअर बदलला, उगाचच. तिला काहीतरी असं बोलायचं होतं की ते तिला जन्मभर पुरेल, मी शब्द शोधत होतो आणि मला सापडत नव्हते, कारण मी सगळं आधीच वाजवून टाकलं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. वीस वर्षं जे मी प्रत्येकाला, वर्तमानपत्रवाल्यांना, वेट्रेसना, रस्त्यावरच्या माणसांना विचारत आलो आणि तिला कधीच विचारलं नव्हतं ते.

"शेवटचं कसं होतं?" मी म्हणालो. "चांगलं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गालावरून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"हो," ती म्हणाली. "फार चांगलं होतं. मला वाटलंच नव्हतं तुला असं वाजवता येत असेल. माझ्यासाठी तू पहिल्यांदाच काही वाजवलंस, आणि त्यातला शब्द न् शब्द मला कळला. इतकं चांगलं खोटं वाजवता येत नाही." मग तिने हाताने दाखवलं. "पुढच्या सिग्नलला डावीकडे घे. मला घरी नको, वीणाकडे सोड. माझे कपडे मी उद्या येऊन नेईन, तू रिहर्सलला गेलास की."

सिग्नल हिरवा झाला. मी डावीकडे घेतलं.